वापरलेली चारचाकी घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा जवळ आला की नात्यातून, ओळखीतून फोन सुरू होतात: "एक गाडी बघितलीये, जरा येऊन नजर टाक ना." अशा गाड्या बघायला मी पुणे, सातारा, कोल्हापूर असा बराच फिरलोय. काही घ्यायला लावल्या, त्याहून जास्त सोडायला लावल्या. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. लोक इंजिनाला फार घाबरतात आणि कागदांना फारच कमी. इंजिन बिघडलं तर पैसे टाकून दुरुस्त होतं. कागद बिघडले की वर्षानुवर्षं सुटका होत नाही. खालच्या उत्तरांत कागदांवर इतकं का लिहिलंय, ते यावरून कळेल.

नवी घ्यावी की जुनी?

मी आधी दोनच गोष्टी विचारतो: महिन्याचं रनिंग किती आणि हातात रोख किती. पहिलीच गाडी असेल, हात अजून बसायचा असेल, तर चार-पाच वर्षं जुनी छोटी पेट्रोल गाडी घ्या. पार्किंगमध्ये पहिला ओरखडा पडला तरी जीव जळत नाही. पण रोजचा प्रवास मोठा असेल आणि गाडी दहा वर्षं ठेवायची असेल, तर नवीचा हिशोब पुन्हा मांडून बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर होता, तो १८ टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. म्हणून जुन्या गाडीचा मालक "मी आठ लाखांना घेतली होती" म्हणाला, तर ऐकून घ्या, पण तुलना आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीशी करा. कर्ज काढणार असाल तर हेही धरा की बँका जुन्या गाडीला व्याज जास्त लावतात आणि मुदत कमी देतात.

गाडीची योग्य किंमत कशी काढायची?

विक्रेत्याकडे चालू विमा पॉलिसी मागा आणि त्यातला आयडीव्हीचा आकडा बघा. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर विमा कंपनी जी किंमत धरते ती ही. तिची घसरण ठरलेली आहे: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. बाजारभाव तंतोतंत तोच असेल असं नाही. ज्या मॉडेलला गिऱ्हाईक आहे त्याचा भाव वर जातो, कंपनीने बंद केलेल्या मॉडेलचा खाली येतो. तरीही बोलणी सुरू करायला हा आकडा चांगला, कारण तो विक्रेत्याच्याच कागदावर छापलेला असतो.

कोणत्या सालची घ्यावी?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक लोक फक्त पैशांत शोधतात. मला त्यात सुरक्षा आधी दिसते. एबीएस ब्रेक (जोरात दाबले तरी चाक लॉक होऊ न देणारे) सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि सीटबेल्टची सूचना सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग जुन्या मॉडेलांना २०२२ च्या सुरुवातीपासून लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला. म्हणून बजेट बसत असेल तर मी २०१९ च्या उत्तरार्धानंतरचीच गाडी बघायला सांगतो. त्याआधीची घेत असाल तर वरचं व्हेरियंट शोधा, त्यात एअरबॅग आणि एबीएस असण्याची शक्यता जास्त. घरात लहान मुलं असतील तर यात तडजोड करू नका. म्युझिक सिस्टिम नंतर बसवता येते, एअरबॅग बसवता येत नाही.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

शहरातल्या शहरात, मुलांची शाळा आणि मंडई एवढ्यासाठी बीएस-६ डिझेल घेऊ नका. त्यात काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून हायवेवर एका वेगात बराच वेळ पळावी लागते. रोज चार-पाच किलोमीटरच चालली की फिल्टर चोंदतो, आणि ते काम महागडं आहे. डिझेल पुणे-नागपूर करणाऱ्याने घ्यावी.

सीएनजी असेल तर आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) इंधनाच्या रकान्यात पेट्रोल/सीएनजी अशी नोंद हवी. बाहेरून किट बसवलंय आणि नोंद नाही, अशी गाडी सोडून द्या. अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, त्याचं प्रमाणपत्र मागा.

बघायला जाण्याआधी घरबसल्या काय कळतं?

बरंच काही. विक्रेत्याकडून गाडीचा नंबर घ्या आणि सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर टाका. गाडीची पासिंग कधीची, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे तिथेच दिसतं. ई-चलान वेगळे तपासा. महाराष्ट्रात वेगमर्यादेचे चलान मालकाच्या नकळत साचलेले असतात. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या संकेतस्थळावर गाडी चोरीची म्हणून नोंदवली आहे का, तेही बघता येतं.

नंबर द्यायला विक्रेता का-कू करत असेल, फोटोत नंबरप्लेट झाकलेली असेल, तर पेट्रोल जाळून जाऊच नका.

प्रत्यक्ष गाडीत काय बघायचं?

सकाळी जा आणि इंजिन थंड असताना जा. आदल्या दिवशी फोनवर सांगा, "मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा की काहीतरी लपवण्यासाठी ती आधीच सुरू केली होती. थंड इंजिन पहिल्या सेल्फला लागायला हवं. एक्झॉस्टमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. आतून धूर भकाभक बाहेर येत असेल तर इंजिनाचं काम निघालंय.

मग बॉडी. उन्हात गाडीच्या एका बाजूला वाकून पत्र्यावर नजर फिरवा. रंगाची छटा एका दरवाज्यावर वेगळी दिसली, तर तिथे डेंटिंग-पेंटिंग झालंय. नुसता बंपर रंगवलेला असणं मोठं नाही. आपल्याकडे बंपर घासला गेला नाही अशी गाडी कुठे सापडणार? पण बॉनेटखालचे मडगार्डचे बोल्ट नीट बघा. कंपनीत रंगवलेल्या बोल्टच्या कडांवर पान्याचे ओरखडे नसतात. असले तर पत्रा काढून बसवलाय. त्याहून महत्त्वाचे पिलर (छताला धरणारे खांब) आणि बॉनेटखालचे अ‍ॅप्रन (चाकांवरचे आतले पत्रे). दरवाज्याचं रबर ओढून कडेचे वेल्डिंगचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके सारख्या अंतरावर, गोल, स्वच्छ असतात. हाताने केलेलं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं. पिलर कापून जोडलेली गाडी फुकट मिळाली तरी नको.

काचांवर आणि सीटबेल्टच्या पट्टीवर उत्पादनाचं साल असतं. सगळ्या काचा २०१८ च्या आणि एकच २०२२ ची असेल तर का, ते विचारा. टायरवर चार आकडी कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलायचाच धरा आणि चार टायरचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

चेसिस नंबर स्वतः वाचा, आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून. हे काम एजंटवर सोपवू नका.

मीटर मागे फिरवलंय हे कसं ओळखायचं?

मीटरकडे बघून नाही ओळखता येत. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगचा वरचा भाग, गिअर नॉब आणि चालकाच्या सीटची बाहेरची कड बघा. तीस हजार चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं नसतं. खात्री मात्र सर्व्हिस रेकॉर्डनेच होते. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली की प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर झाले होते ते त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसतं. मालकाला सोबत घेऊन जा. मालक यायला तयार नसेल तर तेच उत्तर समजा.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

हा प्रश्न मला कोल्हापूर-सांगलीचे लोक सगळ्यात जास्त विचारतात, आणि बरोबरच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला, आणि मुंबईत तर कितीदा, गाड्या डॅशबोर्डपर्यंत पाण्यात उभ्या होत्या. अशा गाड्या धुऊन, सुकवून, अत्तर मारून लांबच्या जिल्ह्यात विकायला येतात. सहा महिने छान चालतात. मग एक दिवस वायपर आपोआप सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सेंट्रल लॉक जातं. वायरिंगच्या जोडांत गंज उतरलेला असतो, आणि तो एका ठिकाणी सापडत नाही.

नाकावर विश्वास ठेवा. काचा बंद करून गाडी दहा मिनिटं उन्हात ठेवा, मग आत बसा. कुबट वास अत्तराला पुरून उरतो. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवर आणि स्क्रूंवर गंज बघा. डिकीतलं स्टेपनी ठेवायचं खोलगट भांडं उघडून कोपऱ्यात बोट फिरवा, बारीक गाळ हाताला लागतो. हेडलाइटच्या आत पाण्याची रेष दिसते का तेही बघा.

आणखी एक. पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून सुरू केली, तर इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान भरून मिळत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. तुमची गाडी पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, टो करून न्या.

टेस्ट ड्राइव्ह किती घ्यावी?

अर्धा तास तरी, आणि निदान एक चढ हवा. पुण्यात असाल तर कात्रजच्या घाटात न्या. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दाबून इंजिनाचा आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट गेलीय. खड्ड्यांच्या रस्त्यावर म्युझिक बंद ठेवा आणि सस्पेंशनचे आवाज ऐका. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टीअरिंग हलकं धरून गाडी एका बाजूला ओढते का, ब्रेक मारल्यावर थरथरते का, बघा. एसी पूर्ण वेळ चालू.

मेकॅनिकला सोबत न्यावं का?

हो. तुमचा, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे. त्याच्याकडे स्कॅनर असेल तर उत्तमच. त्याच्या दिवसाचे पैसे मोजून द्या, चहावर बोळवण करू नका.

मालक म्हणतो, "टीटी फॉर्मवर सह्या करून देतो, नावावर नंतर करा." चालेल का?

नाही. दोघांसाठीही नाही.

माझ्या मामांनी गाडी एका दलालाला विकली, सह्या केलेले फॉर्म दिले, पैसे घेतले आणि विसरून गेले. दलालाने ती तशीच पुढे विकली, त्याने आणखी पुढे. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात त्या गाडीचा अपघात झाला आणि नोटीस मामांच्या दारात आली. ज्या गाडीचा रंगही त्यांना धड आठवत नव्हता, तिच्यासाठी त्यांनी कोर्टाच्या खेपा घातल्या. ते सगळं मी जवळून पाहिलंय.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की गाडी किती हातांतून गेली तरी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी विकणाऱ्याचा फॉर्म २९ आणि घेणाऱ्याचा फॉर्म ३०. यांनाच लोक टीटी फॉर्म म्हणतात. कोऱ्या फॉर्मवर सही कधीच करू नका, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव भरूनच करा.

डीलरला विकत असाल तर एप्रिल २०२३ पासून एक चांगली सोय आहे. आरटीओने अधिकृत केलेल्या डीलरला गाडी सोपवल्याची ऑनलाइन सूचना फॉर्म २९-सी मधून देता येते, आणि तिथून पुढची जबाबदारी डीलरवर येते. डीलरला विचारा, "तुमच्याकडे आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आहे का?"

गाडीवर कर्ज आहे. मालक म्हणतो फिटलंय.

फिटलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ त्याच्या हातात असेल. आरसीवरून बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. कर्ज अजून चालू असेल तर तुमचे पैसे मालकाला न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा, पावती घ्या, उरलेले पैसे ना-हरकत पत्र आल्यावर द्या.

विमा आपोआप माझ्या नावावर होतो का?

अर्धाच. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण त्यासाठीही १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग अर्ज करून नावावर करून घेतल्याशिवाय मिळत नाही. गाडी ठोकली, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, तर दावा अडकतो. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या मालकाचा ५० टक्के बोनस तुम्हाला मिळणार नाही, तो त्याच्या पुढच्या गाडीला लागेल. तेवढा फरक तुम्हाला भरावा लागतो.

दिल्लीच्या गाड्या इतक्या स्वस्त का? घ्याव्यात का?

दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे निर्बंध आले. त्यामुळे मोठ्या डिझेल गाड्या तिथले लोक कमी भावात काढू लागले आणि त्या इकडे येऊ लागल्या. गाडी चांगली असू शकते, पण हिशोब पूर्ण करा. परराज्यातली गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत हवं, इथला वाहन कर भरावा लागतो, आणि तिकडे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तिकडेच अर्ज करावा लागतो. हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीचशी विरघळते. गोव्याच्या गाडीलाही हाच नियम, बांदा ओलांडलं की राज्य बदललं. गोव्याची असेल तर ती आधी पर्यटकांना भाड्याने जात होती का, तेही विचारा. काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याची. अशा गाडीला शंभर हात लागलेले असतात.

पैसे कसे द्यायचे?

बँकेतून. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोखीचा पुरावाही राहत नाही. टोकन थोडंच द्या, त्याची लेखी पावती घ्या आणि त्यावर "कागदपत्रांत अडचण निघाल्यास टोकन परत" असं लिहून घ्या.

ऑनलाइन जाहिरातीत भारी गाडी निम्म्या किमतीत, मालक स्वतःला लष्करातला म्हणवतो, बदली झालीये, गाडी ट्रान्सपोर्टने पाठवतो, आधी थोडे पैसे टाका. यात एकही गाडी खरी नसते. जवानांच्या नावावर लोकांचा विश्वास बसतो म्हणून ते नाव वापरतात, याचा मला फार संताप येतो. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

पंधरा वर्षांची गाडी घ्यावी का?

शिकायला किंवा शेतावर जायला असेल तर ठीक. खासगी गाडीची पासिंग पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालंय, शिवाय पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी विकणारा बहुतेकदा याच खर्चातून सुटायला बघत असतो.

मूळ मालक वारले असतील तर?

गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी, फॉर्म ३१ वर. मग वारसाकडून तुमच्या नावावर. "बाबांची सही मी करतो" म्हणणाऱ्या मुलाला प्रेमाने नाही म्हणा.

नवी गाडी घेतोय. तिथे काय बघायचं?

पासिंग व्हायच्या आधी यार्डात जाऊन तीच गाडी बघा. चेसिस नंबर लिहून घ्या, उत्पादनाचा महिना तपासा. जानेवारीत गेल्या वर्षीची गाडी गळ्यात मारतात, आणि पुढे विकताना आरसीवरचं तेच साल तुमची किंमत पाडतं. घ्यायचीच असेल तर तेवढी सूट मागा. पितृपक्षात शोरूम रिकामी असते, तेव्हा बोलणी करा आणि डिलिव्हरी दसऱ्याला घ्या.

ऑन-रोड किमतीचा कागद ओळीओळीने वाचा. पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर १० लाखांपर्यंत ११ टक्के कर आहे, २० लाखांपर्यंत १२, त्यावर १३. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचा दर दाखवला की तिथलाही उतरतो. "हँडलिंग चार्ज" नावाची ओळ काढून टाकायला सांगा. १० लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने विकतानाच गोळा केलेला आयकर) लागतो, तो आयकर विवरणपत्रात परत मागता येतो. अनेकांना हे माहीतच नसतं आणि पैसे सरकारकडे पडून राहतात.

जुनी इलेक्ट्रिक गाडी?

सगळी किंमत बॅटरीत आहे. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीची शिल्लक क्षमता लेखी घ्या, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू आहे का ते कंपनीकडूनच विचारा. काही वॉरंट्या पहिल्या मालकापुरत्याच असतात.

ताबा घेताना शेवटचं काय?

दोन्ही किल्ल्या. जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला लावा आणि तुमचा नवा काढा, नाहीतर तुमचा टोल त्याच्या खात्यातून जात राहील. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (सरकारमान्य सुरक्षित) नंबरप्लेट बसलीय का बघा. ताबा पावतीवर तारीख तर लिहाच, वेळही लिहा. त्या वेळेआधीचे चलान त्याचे, नंतरचे तुमचे.

गाडी नावावर झाली हे कळणार कसं?

अर्जाची पावती मिळाली म्हणजे नावावर झाली असं नाही. दर आठ दिवसांनी एम-परिवहनवर नंबर टाकून बघत राहा. मालकाच्या जागी तुमचं नाव दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि जुन्या मालकाला पाठवा.